दाखल्याला चार पानं कशाला

हॅलो?

कोण… मावशी? थांब हं, नीट ऐकू येत नाहीये. आत यंत्र चालू आहे. दार लावते… हं, आता बोल.

मधली बोलतेय. धाकटी नाही, मधली… हो, तिच्याच दुकानात आहे. सकाळपासून तिच्याबरोबरच आहे. हॉस्पिटलात आज रजा टाकली.

लागला. हो, आजच लागला निकाल. दुपारी, कोर्टाची जेवणाची सुट्टी व्हायच्या जरा आधी… तुला कुणी सांगितलं? वहिनीने? काय म्हणाली वहिनी?

हं…

हं…

'बापाला वेडा ठरवून घर लाटलं.' असं म्हणाली… नाही, मी चिडत नाहीये. मावशी, ऐक ना. अगं ऐक ना. नेमकं उलटं झालंय. बाबांना वेडं ठरवायला नकार दिला धाकटीने. अडीच वर्षं नकार दिला. तेच तर तुला सांगायचंय. वेळ आहे ना? गॅसवर काही ठेवलं असेल तर बंद करून ये. मी थांबते…

केलास? बस आता खुर्चीत. दादाकडून तू सगळं ऐकलंस, आता एकदा माझ्याकडून ऐक. पहिल्यापासून सांगते. मधे बोलू नकोस… बरं, बोल, पण थोडं बोल.

बाबांचे डोळे शेवटची दोन वर्षं गेले होते. म्हणजे पूर्ण नाही. मधोमध काळा डाग, आणि कडेकडेचं दिसायचं. समोरच्याचं तोंड दिसायचं नाही, कान दिसायचे. म्हणायचे, मी आता माणसं कानांवरून ओळखतो, आणि तुमच्यापैकी निम्म्यांचे कान धुतलेले नसतात… हो ना. तसेच होते अगदी शेवटपर्यंत.

जिना चढायचे, दाढी स्वतःची स्वतः करायचे. पण वाचता येत नव्हतं. एक अक्षर नाही. पेपर धाकटी वाचून दाखवायची, पहिल्या मथळ्यापासून शेवटी छापखान्याचं नाव असतं ना, तिथपर्यंत. ते ऐकल्याशिवाय पेपर संपला असं त्यांना वाटायचंच नाही. सरकारी छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात उभी हयात गेली ना…

भिंग? भिंगाने काय होणार मावशी. अक्षराबरोबर डागही मोठा व्हायचा.

पण हात चालू होते. निवृत्त झाल्यावर खाली बाइंडिंगचं दुकान काढलं, जोडीला धाकटी मिळाली. एकोणीस वर्षं दोघं एका टेबलावर. खळ ती करायची, पुठ्ठे ती कापायची, पण जुजबंदी, पानांची शिलाई, बाबांची. नजर गेल्यावरसुद्धा घडी घातलेल्या पानांचे फर्मे अंगठ्याने चाळवून सांगायचे, यात एक पान कमी आहे गं. आणि असायचं कमी.

हो, हो, येते दादावर. तिथेच येतेय.

दादा आला. म्हणाला, आमच्याकडे डोळ्यांचा मोठा डॉक्टर आहे, दाखवतो. धाकटीला बरंच वाटलं. तिनेच बॅग भरली, औषधांच्या पुड्या बांधल्या, सकाळची कुठली, दुपारची कुठली, सगळं लिहून दिलं. तीन आठवडे बाबा दादाकडे होते. ही रोज फोन करायची. झोपलेत. आंघोळीला गेलेत. आत्ताच खाली उतरले. एकवीस दिवसांत दोनदा बोलणं झालं, आणि दोन्ही वेळा मागे दादाचा आवाज. डॉक्टरकडे किती वेळा नेलं असेल? एकदा. त्या डॉक्टरने लिहून दिलं की आता काही होण्यासारखं नाही, या रुग्णाला वाचणं शक्य नाही. तो कागद दादाने फायलीत तसाच ठेवला. त्याला वाटलं, कोण बघतंय.

परत आले ते खुशीत. बूट काढता काढता हिला म्हणाले, तुझी एक खेप वाचवली. पेन्शनचा हयातीचा दाखला दादाने तिकडेच करून टाकला. मी सह्या करून दिल्या… हो, तोच. माणूस जिवंत आहे म्हणून दरवर्षी द्यावा लागतो तो. धाकटीने मला मुद्दाम फोन करून सांगितलं, की बघ, दादाने बाबांचं एक काम केलं. कौतुकाने सांगत होती गं.

आणि दोन महिन्यांनी पेन्शन बंद.

अगं, बंद म्हणजे बंद. कचेरीतून पत्र, आपला हयातीचा दाखला मिळालेला नाही. दादाला विचारलं तर म्हणे टपालात गहाळ झाला असेल. हिला काय, खरंच वाटलं. बाबांना घेऊन कचेरीत गेली, नवा दाखला भरून दिला आणि विषय संपला. पत्र मात्र घडी घालून ठेवून दिलं. कागद टाकून देणं तिच्या रक्तातच नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी बाबा गेले… हो, तू आजारी होतीस, तुला येता आलं नाही. माहीत आहे मावशी. त्याबद्दल कुणी काही म्हटलेलं नाही.

बाबा जाऊन तीन आठवडे झाले नसतील, दादाने मृत्युपत्र काढलं. वर, मधल्या खोलीत, वहिनी शेजारी. दुकान, वरच्या खोल्या, यंत्रं, सगळं दादाला. आम्हा दोघींना आशीर्वाद… चेष्टा नाही गं, तसंच लिहिलंय. 'दोन्ही मुलींना माझे आशीर्वाद.' आणि शेवटी, 'हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून, समजून सही करीत आहे.' सही बाबांची. खरी सही, त्यात खोट नाही. तारीख त्या तीन आठवड्यांमधली.

धाकटीला दोन महिन्यांत जागा सोड म्हणाला. एकोणीस वर्षं ती ज्या टेबलावर काम करतेय ते टेबलसुद्धा त्याचं.

तेव्हा मी काय केलं माहीत आहे? मीच म्हटलं, कोर्टात जाऊ. धाकटी तयार नव्हती. ती म्हणत होती, बाबांच्या मनात असेल तसं, तर मी जाते. पण 'स्वतः वाचून' हे तिच्या डोक्यातून जाईना. आठवडाभर पुटपुटत होती. वाचून कसं? वाचून कसं? शेवटी उठली आणि चल म्हणाली.

वकीलबाई चांगल्या मिळाल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सोपा रस्ता एकच आहे. वडिलांची बुद्धी जागेवर नव्हती हे दाखवायचं. काही विसरायचे का? मी म्हटलं, एकदा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. त्यांनी लिहून घेतलं. कपडे खराब व्हायचे का? मी म्हटलं, शेवटी शेवटी, एकदोनदा. तेही लिहून घेतलं. म्हणाल्या, तुम्ही नर्स आहात, मुलगीही आहात, तुमच्या साक्षीला वजन येईल.

मी तयार होते.

हो मावशी, मी. लपवून काय करू तुझ्यापासून. मनात म्हटलं, बाबा कुठे आहेत आता ऐकायला. घर वाचेल, धाकटी वाचेल, चार वाक्यांनी कुणाचं काय जातंय. रोज वॉर्डात तसली माणसं बघते मी, कसं बोलायचं ते मला पाठ आहे.

धाकटी उठून उभी राहिली. वकीलबाईंना म्हणाली, ते खोडा. ज्या माणसाने मरायच्या आधीच्या महिन्यात डोळे मिटून एवढा जाड ग्रंथ शिवला, त्याला मी भर कोर्टात खुळा म्हणणार नाही, आणि हिलाही म्हणू देणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, मग दुकान जाईल. ही म्हणाली, जाऊ दे. ते शहाणे होते, त्यांना फसवलं, असं म्हणता येत असेल तर लढायचं. नाहीतर मी उद्या सामान बांधते.

माझ्याशी चार दिवस बोलली नाही. चार दिवस. पाचव्या दिवशी फोन केला आणि काय विचारावं? तुझ्याकडे जाड सुई आहे का…

हसू नकोस. मला रडू आलं होतं.

मग तिने काय केलं, ऐक. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. एक दादाचा मित्र. तो येणार, घोकून आलेलं म्हणून दाखवणार, ते ठरलेलंच होतं. पण दुसरा? दुसऱ्याचं नावच दादाच्या वकिलाने यादीत घातलं नाही. धाकटीने विचारलं, हा का नाही? पत्ता बघितला तर दादाच्याच इमारतीखालचा. लाँड्रीवाला.

गेली एकटीच. मी म्हटलं, मी येते बरोबर. नको म्हणाली, दोघी गेलो तर घाबरेल.

पहिल्यांदा त्याने उभंच केलं नाही. मला यात ओढू नका बाई, माझं दुकान इथे आहे. ही परत आली. पंधरा दिवसांनी पुन्हा गेली. या वेळी म्हणाली, मला तुमची साक्ष नको. तुम्ही येऊ नका कोर्टात. पण माझे वडील तीन आठवडे इथे होते आणि मला त्यांच्याशी बोलता आलं नाही. ते कसे होते तेवढं सांगा. दिवसभर काय करायचे? जेवायचे का?

बस. त्या माणसाने इस्त्री बंद केली.

अगं, बाबा रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन बसायचे. वर करमायचं नाही. इस्त्रीच्या टेबलाशी स्टूल घेऊन बसायचे आणि शर्टांच्या घड्या घालायचे. त्याला शिकवली म्हणे घडी, कॉलर न मोडता कशी घालायची ती. म्हणाले, कापड आणि कागद एकाच जातीचे, मोडायचं तिथेच मोडतात. तो अजून तशीच घालतो. त्याने हिला घालून दाखवली. आणि रोज विचारायचे त्याला, तुमच्या फोनवरून माझ्या मुलीला लावता येईल का? पण नंबर पाठ नव्हता. नंबर चिठ्ठीवर होता, आणि चिठ्ठी वाचणार कोण. दादाने ती स्वतःकडे ठेवून घेतली होती.

…हो.

…हो, मावशी. मलाही तेव्हा असंच झालं. पाणी पिऊन येतेस का? नको? बरं.

मग तो आपणहून सह्यांचं बोलला. ही काही विचारत नव्हती. एक दिवस दादा बाबांना घेऊन खाली आला, बरोबर तो मित्र. इस्त्रीच्या टेबलावरच कागद ठेवले. लाँड्रीवाल्याला म्हणाला, पेन्शनचा दाखला आहे, साक्षीदार लागतो, एक सही कर. बाबांच्या हातात पेन दिलं. बाबांनी आधी कागद हातात घेतले, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, दाखल्याला चार पानं कशाला? एकच असतं.

चार पानं. मोजली त्यांनी.

दादा म्हणाला, नवीन नियम आलाय बाबा, आता चार पानी झालाय. बाबा म्हणाले, असं होय. आणि केल्या सह्या. चारही पानांवर.

तो लाँड्रीवाला म्हणाला, ताई, तुम्ही बोलावलं नाहीत तरी मी येणार आता. आजोबा माझ्या टेबलावर फसले.

आला ना. पांढराशुभ्र शर्ट घालून आला. आणि सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. दादाच्या वकिलाने तासभर पिळून काढलं त्याला. ताईंनी काय दिलं तुम्हाला? म्हणाला, काही नाही, उलट माझी चार गिऱ्हाइकं तुटली. इमारतीतली निम्मी घरं आता कपडे दुसरीकडे देतात, हे खरं आहे. धाकटीला ते फार लागलंय मनाला.

मग हिची उलटतपासणी. अगं, मी मागच्या बाकावर बसले होते. ही अशी उभी, जसं काही गिऱ्हाइकाला पुठ्ठ्याचा रंग विचारतेय. दादाचा वकील हुशार. म्हणाला, तुमचं म्हणणं काय आहे, वडील शहाणे होते की नव्हते? ही म्हणाली, शहाणे होते. विसरभोळे? जेवढे तुम्ही-आम्ही आहोत तेवढे. म्हणजे पूर्ण शुद्धीत होते? पूर्ण. तो वळला न्यायाधीशबाईंकडे, हात पसरले. म्हणाला, झालं तर मग. शहाणा माणूस, शुद्धीतला माणूस, सही करतो ती समजूनच करणार.

वकीलबाईंनी डोक्याला हात लावला. मी डोळेच मिटून घेतले. म्हटलं, संपलं.

आणि ही अगदी शांतपणे म्हणाली, आपल्या मुलाने सांगितलेलं खरं धरायला बुद्धी गेलेली असावी लागत नाही. त्यांना शंका आली, त्यांनी विचारलं, त्यांना उत्तर मिळालं. उत्तर देणारा परका असता तर त्यांनी सही केली नसती.

…हो. एवढंच म्हणाली.

दादा? दादा खाली बघत होता. मावशी, मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून गेले होते, पण नजर गेली. खालीच बघत होता.

थांब, पुढे आहे. वकील तेवढ्याने गप्प बसतोय होय. म्हणाला, दृष्टी नसलेला माणूस अंगठा फिरवून पानं मोजतो, ही गोष्ट रचलेली आहे. ही म्हणाली, मलाही येतं. बाबांनीच शिकवलं. तो हसला आणि टेबलावरची कागदांची एक चळत उचलून म्हणाला, मग मोजा की. न्यायाधीशबाई म्हणाल्या, अहो, हे काय चाललंय? पण हात वर करून थांबवलं नाही. त्यांनाही बघायचं असणार.

हिने चळत घेतली. डोळे मिटले. अंगठा एकदा वरून खाली. सव्वीस, म्हणाली. आणि एक त्यात पातळ कागद आहे, पावतीचा असेल, तो धरला तर सत्तावीस.

कारकुनाने मोजली. थुंकी लावून, एक एक करून. सत्तावीस, आणि त्यातली एक पावती. वकिलाचीच, कुठल्या तरी झेरॉक्सवाल्याची. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, हे पुरावा म्हणून धरता येणार नाही. पण मावशी, तोंड दुसरीकडे फिरवून म्हणाल्या. मला वाटतं हसू येत होतं त्यांना.

मला काय वाटलं म्हणून काय विचारतेस. मला ओरडून सांगावंसं वाटलं, ही माझी बहीण आहे. ही माझी धाकटी बहीण आहे, हिला मी कडेवर घेऊन फिरवलंय. शेजारच्या बाकावर एक अनोळखी बाई होती, तिला मी खरंच सांगितलं. ती म्हणाली, हो का, माझी केस पुढची आहे.

आणि मग दादाच्याच फायलीतून कोर्टात आलेला डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद, आणि पेन्शन कचेरीचं पत्र. घडी घालून ठेवलेलं. दाखला पाठवलाच नव्हता हे त्यातून दिसलं. सह्या झाल्या, तारीख तीच, आणि दाखला मात्र कुठेच पोचला नाही. मग त्या दिवशी बाबांनी सह्या कशावर केल्या?

…काय?

हो. तुझाही कागद होता.

हो मावशी, कोर्टात दिला होता त्यांनी. तुझं प्रतिज्ञापत्र. 'माझे मेहुणे मला नेहमी सांगत असत की सर्व मिळकत मुलालाच देणार.' खाली तुझी सही… माझ्याकडे प्रत आहे, म्हणून सांगतेय.

…तू काय म्हणालीस? परत बोल.

…तब्येतीची विचारपूस करायला आला होता. बरं. आणि कागद? कसला म्हणाला?

…घर तिघांच्या नावावर चढवायला, नातेवाइकांची संमती.

मावशी, तू वाचला होतास का तो?

…

चष्मा खाली राहिला होता. हं.

रडू नकोस. अगं, मावशी, ऐक. ऐक माझं. तू काही मूर्ख नाहीस. तुझा भाचा तुझ्या समोर बसला होता, तू त्याला लहानाचा मोठा झालेला बघितलाय, तू सही केलीस. बाबांनी तेच केलं. त्यात तुझी लाज कुठे आली? … नाही, मला माहीत नव्हतं तू वाचलेला नव्हतास ते. आम्हाला वाटलं, तू त्याच्या बाजूची. म्हणून तर दोन वर्षं मी फोन केला नाही. ती माझी चूक. विचारायला हवं होतं.

आणखी एक सांगते, हे तुला कुणी सांगणार नाही. वकीलबाई म्हणाल्या होत्या, मावशींना कोर्टात बोलवू, उलटतपासणी घेऊ, दोन प्रश्नांत कागद फाटेल. धाकटी नाही म्हणाली. ती म्हणाली, मावशीला त्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. तिचे गुडघे दुखतात, आणि तिला कुणी दरडावून विचारलेलं मला बघवणार नाही. वकीलबाई चिडल्या. मीसुद्धा चिडले. आपल्याविरुद्ध कागद दिलेल्या बाईचे गुडघे बघत बसलीस, असं म्हणाले मी तिला. तर म्हणते, गुडघे दुखतात ते दुखतातच ना.

…हो. अशी आहे ती.

निकाल? निकाल न्यायाधीशबाईंनी वाचून दाखवला. ज्याला फायदा, त्यानेच कागद करवून घेतला, त्यानेच साक्षीदार उभे केले. ज्याला वाचता येत नव्हतं त्याने स्वतः वाचल्याचं लिहिलं. शंका दूर झालेली नाही, मृत्युपत्र ग्राह्य धरता येत नाही. धाकटी नुसती ऐकत होती, तोंडावरची रेघ हलली नाही. मग पुढे वाचलं, की मयत व्यक्ती अखेरपर्यंत शुद्धीत, विचारी आणि आपल्या कामात तरबेज होती, असंच पुराव्यावरून दिसतं.

तिथे ती रडली. जिंकली तेव्हा नाही. या वाक्याला. वकीलबाईंना दोनदा विचारलं, हे लेखी मिळेल ना? शिक्क्यासकट?

आता तिघांना सारखा हिस्सा. दादालासुद्धा, हो. कायद्याने आहेच, आणि हिला तो द्यायचाच आहे. माझा मी हिच्या नावावर करणार, त्यावरूनही भांडून झालं मघाशी. दुकान चालू राहील, वरची रस्त्याकडची खोली दादाला देऊ म्हणते. तो वरच्या कोर्टात जाईल म्हणतात. जाऊ दे. गेला तर पुन्हा उभी राहील ती. आता मला तिची काळजी वाटत नाही.

बाहेर भेटला ना. पायऱ्यांवर. वहिनी तरातरा पुढे निघून गेली, तो थांबला. मला वाटलं काहीतरी वाकडं बोलणार. तर हिला म्हणाला, तो लाँड्रीवाला म्हणाला ते… बाबा तुझा नंबर विचारायचे रोज? ही म्हणाली, हो. तो म्हणाला, मला वाटलं नव्हतं रोज विचारत असतील. आणि गेला. माफी वगैरे काही नाही. पण चेहरा उतरला होता. तो खोटा नव्हता, एवढं मी सांगू शकते. बाकी त्याचं तो बघेल.

…आत्ता? आत्ता काय करतेय, काम करतेय. कोर्टातून आली, कपडे बदलले आणि बसली. एका शाळेची हजेरीपुस्तकं उद्या द्यायची आहेत. मी म्हटलं, आजच्या दिवशी तरी नको. म्हणते, शाळेला काय माहीत आज काय होतं.

थांब, विचारते… अगं ए. मावशी आहे फोनवर. तुझ्याशी बोलायचं म्हणतेय… हो, मावशी. नाही, तिला माहीत नव्हतं. वाचला नव्हता तिने कागद. दाखला म्हणूनच, तसलंच काहीतरी सांगितलं तिलाही…

मावशी? आहेस ना? तिचे हात खळीत आहेत… नाही, रागावलेली नाही. थांब जरा, बोलतेय ती माझ्याशी…

ती म्हणते, फोनवर नको, घरी ये. शनिवारी जमेल का? मी न्यायला येते, माझी त्या दिवशी ड्यूटी नाही… नाही गं, माफीबिफी काही मागायची नाहीस. त्यातलं काही काढलंस तर ती उठून पुठ्ठे कापायला लागेल, मला माहीत आहे.

मग काय बोलू म्हणून काय विचारतेस. तू बाबांना लग्नाआधीपासून बघितलंयस. आईला बघायला आले तेव्हा कसे दिसत होते, काय बोलले, कुणाच्या सायकलवरून आले, ते सांग तिला. आम्हाला कुणालाच माहीत नाही ते. अगदी बारीकसारीक सांग, विसरलं असेल तर आठवून ठेव शनिवारपर्यंत. ती ऐकत बसेल…

…शर्ट उसना आणला होता? कुणाचा? … नाही, नाही, मला नको सांगूस. तिलाच सांग. तिच्यासमोरच सांग.

हो. हो, येते मी अकरा वाजता. तयार राहा.

ठेवते.